गाईआडचा माणूस

गुलाबसिंग पारध्याचा पाळलेला तितर उडाला, त्याला आज नववा दिवस. पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं ते त्याच्याच हातून. बायको, हिरकन, महिन्यापूर्वी वारली. मग त्या झोपडीत बोलणारं असं तेवढं पाखरूच उरलं होतं. तेही गेलं आणि घर खायला उठलं.

"मांजरानं नेलं असंन, गुलाबसिंगभाऊ," शेजारच्या वावराचा जानराव म्हणाला.

"नाई गा. रोज सकाळी गायरानात बोलून राह्यला तो. घरचा आवाज मले समजत नाई काय?"

शिकार सोडून चार वर्षं झाली होती, पण अंगातली विद्या कुठे जाते! त्याने आढ्याला टांगलेलं शिकारीचं जाळं काढलं, ढवळी गाईला सोडलं. शेलूबाजारचे लोक या म्हाताऱ्या गाईला हसत. पण तिच्याआड चालणारा गुलाबसिंग भल्याभल्या तितरांना कधी दिसला नव्हता. गाय चरते तसं चालायचं. तिने पाय उचलला की आपण उचलायचा, ती थांबली की थांबायचं. पाखरू माणसाला भितं, गाईला नाही. आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. रानातले तितर जवळ यावेत म्हणून पाळलेल्या तितराला साद घालून बोलतं करायचं काम लांब बसलेल्या हिरकनचं असे.

गवतात तितर दिसला. पायाला हिरकनने बांधलेला लाल दोरा. टुकूटुकू चालत तो ढवळीच्या खुरांपाशी आला आणि किडे टिपू लागला. जाळं टाकायचाच काय तो अवकाश होता. पण गुलाबसिंगला स्वतःचीच लाज वाटली. सात वर्षं घरचा दाणा खाल्लेलं पाखरू, त्याला कसलं जाळं? बोलावलं तर येईल. तो गाईआडून पुढे झाला, हात पसरला.

"ये रे. घरी चाल."

तितराने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि भर्रकन उडून बाभळीपार गेला.

गुलाबसिंग हात पसरून तसाच उभा. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. दाणा टाकायची हिरकन, साद घालायची हिरकन. "एक दिवस तुमी टाका ना दाणा," ती कितीदा म्हणाली असेल. ती गेल्यावर त्याने टाकला खरा, पण पारध्याच्या सवयीने, पाखरू बिथरू नये म्हणून, पिंजऱ्यावरच्या फडक्याखालून हात घालून. सात वर्षांत तितराने त्याचं तोंडच धड पाहिलं नव्हतं. फार वाईट वाटलं त्याला. कोणावर रागवावं तेही कळेना.

दोन दिवस तो घरीच पडून राहिला. तिसऱ्या सकाळी पुन्हा ढवळीला घेऊन गायरानात गेला. जाळं खांद्यावर होतं.

तितर आला. खुरांपाशी, हाताच्या अंतरावर. जाळ्यात पुन्हा धरलेलं पाखरू पिंजऱ्यात बोलत नाही, नुसत्या धडका घेतं, हे गुलाबसिंगएवढं कोणाला ठाऊक? त्याने जाळ्याकडे गेलेला हात खाली घेतला आणि गाईच्या पाठीवर ठेवला.

तितर मान वर करून बोलू लागला. तसाच, घरी बोलायचा तसा. गुलाबसिंगला रडू फुटलं, पण आवाज न करता; तेवढं त्याला चांगलं जमायचं.

ढवळीने पाय उचलला. त्यानेही उचलला.