भावाच्या हातची पाचर

पाचर हातात आली की अक्का आधी ती कानाशी धरायची, नखाने टिचकी मारायची. कोरडं लाकूड खणखणीत बोलतं. पाणी प्यालेलं लाकूड मात्र भरल्या पोटाच्या माणसासारखं. हूं करून गप्प.

बाबांनी दोघा भावंडांना हेच शिकवलं होतं. दगडात ओळीने भोकं पाडायची, तहानलेल्या पाचरी ठोकायच्या, वरून पाणी ओतायचं. लाकूड पितं, फुगतं, अंग पसरायला जागा मागतं. घणाला न जुमानणारा दगड मग सरळ उकलतो. पाणी ओतताना बाबा गुणगुणायचे,

पी गं पाचरी, गार गार पाणी,
उघड गं शिळे, मनातली वाणी.

आता खाणीत मशीन येऊ घातलं होतं. मुकादम म्हणाला, "हा मोठा दगड सरळ फोडून दाखवा. फुटला तर काम तुमचं, नाहीतर मशीनचं."

पाचरी धाकट्याने तासल्या, त्यानेच चुलीवरच्या फळीवर वाळवल्या. बाबा गेल्यापासून ते काम त्याचंच. त्या सकाळी तो पिशवीतून एकेक काढून देत होता आणि अक्का ठोकत होती. एकही तिने कानाशी धरली नाही. भावाच्या हातून आलेली. तिला कसली टिचकी मारायची?

पाणी ओतलं. अक्का गुणगुणली, धाकट्याने सूर धरला नाही. ऊन डोक्यावर आलं, कललं. दगड ढिम्म.

"बाई, दगड फोडताय की आंघोळ घालताय त्याला?" मुकादम म्हणाला. सगळे हसले. मग तो धूळ झटकत उठला. "उद्यापासून मशीन. चालवायला तुझा भाऊ आहेच की. महिनाभर शिकतोय."

महिनाभर? महिनाभर तर तो दोस्ताकडे जातो म्हणून सांगत होता.

घरी येऊन अक्काने पिशवी झटकली. न वापरलेली एक पाचर खाली पडली. सवयीने ती कानाशी गेली. टिचकी.

हूं.

अक्काने पाचर चुलीवरच्या फळीवर आडवी ठेवली आणि कोळशाने तिच्याभोवती रेघ ओढली.

काही दिवसांनी जेवता जेवता धाकटा म्हणाला, "अक्का, मशीनच्या पात्यावर सारखं पाणी सोडावं लागतं. माणूस हवंय. तुझं नाव सांगितलंय मी."

अक्काने फळी उतरवून त्याच्यापुढे ठेवली. पाचर आक्रसली होती. लाकूड आणि रेघ यांच्यात दोन्ही बाजूंनी फट पडली होती.

"रेघ त्याच संध्याकाळची आहे," ती म्हणाली. "कधी भिजवल्यास?"

त्याने बोटाने फट चाचपली. "आदल्या दिवशी. बादलीत." त्याने फळी बाजूला सारली. "अगं, हे जुनं किती दिवस चालणार होतं? तुझ्या हातांकडे बघ जरा."

"माझे हात दिसले तुला. मग तोंडावर सांगायचंस ना रे! घण मीच खाली ठेवला असता."

तो हळूच म्हणाला, "येशील ना उद्या?"

"नाही."

तो उठला. पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला, लहानपणापासून देत आला तसाच. अक्काने घेतला. पिण्याआधी आत डोकावून पाहिलं.