वाघबीळच्या चढावरचा भाता

मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही. सिमेंटच्या चौथऱ्यावर चार बोल्टांनी आवळलेला असताना मी हे म्हणतो आहे, त्यामुळे तुम्हाला हसू येईल. पण मी जन्मलो तोच फिरण्यासाठी. मी एका जुन्या शर्यतीच्या मोटारीचा भाता आहे. तुम्ही मुले मला सुपरचार्जर म्हणाल. लोहाराचा भाता विस्तवाला वारा घालतो, तसा मी इंजिनाच्या छातीत जादा हवा भरत असे. माझ्या पोटात एक पंखा आहे. इंजिनाने एक फेरा घेतला की चामड्याच्या पट्ट्यावरून ओढ लागून हा पंखा नऊ फेरे घेई. मग चढावरसुद्धा मोटारीला दम लागत नसे. निदान लागू नये, अशी अपेक्षा होती.

विलायतेतल्या एका लहानशा कारखान्यात मला ओतले. बोटीने मुंबई आणि आगगाडीने कोल्हापूर असा मी आलो. शाहू महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षे होती. शहरात मोटारी हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातही भाता बसवलेली आमची एकटीच. ती हिरवी, बसकी, दोघांच्या बसण्याची मोटार गडहिंग्लजकडचे इनामदार बाळासो यांची. रस्त्यात उभी राहिली की पोरे धावत येत आणि विचारत, "ह्यो डब्बा कशाचा ओ?" तेव्हा मला फार बरे वाटे.

मोटार सांभाळायला नबीलाल होता. पन्नाशीचा, बुटका, मितभाषी माणूस. त्याआधी पंचवीस वर्षे त्याने बाळासोंच्या पागेतले घोड्यांचे साज राखले होते. खोगीर, लगाम, वाद्या, सगळ्यांना तो रोज तेल चोळी. त्याच्या हाताखालचे चामडे कधी तडकले नाही, असा त्याचा लौकिक होता. मोटार आली, घोडी विकली गेली आणि त्याचे हात रिकामे झाले. ते माझ्याकडे वळले. माझा विलायती पट्टा तुटल्यावर त्याने धोंडुबाईकडून नवा करून आणला. ही धोंडुबाई चपला करण्यात नाणावलेली, साठीची बाई. त्या पट्ट्याला नबीलाल रोज दिवेलागणीला करडईचे तेल चोळू लागला. वाटी शेजारी ठेवून, मांडी घालून, लेकराच्या अंगाला लावावे तसे.

आणि मी बेभरवशाचा झालो.

सपाटीवर मी ठीक चाले. पण पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळचा चढ आला आणि इंजिनाने जोर मागितला की पट्टा माझ्या चाकावर सरके. इंजिन फिरे, पट्टा नुसता घसरे आणि मी लुळा पडे. पट्टा घसरताना चीं चीं असा आवाज होई. नबीलालला वाटे, चामडे कोरडे पडले. तो आणखी तेल घाली. मी आणखी घसरे. मित्रांनो, मला तोंड असते तर मी एका शब्दात सांगितले असते. पण मला तेवढा एकच आवाज होता, आणि तो त्याला उलटाच ऐकू येत होता.

एकदा बाळासो मेव्हण्यांना शेजारी बसवून पन्हाळ्याला निघाले. नबीलाल मागच्या पेटीवर अंग चोरून बसला होता. वाघबीळला नेहमीचेच झाले. मोटार अर्ध्या चढावर धापा टाकत उभी राहिली. मागून गवताची गाडी घेऊन एक गाडीवान आला. त्याने बैल थांबवले, माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, "काय पावणं, एवढी हवा भरूनबी दम लागला व्हय? आमच्या बैलास्नी भाता लागत न्हाय!"

मेव्हणे खो खो हसले. बाळासो हसले नाहीत. मोटार बैलांनी ओढून वर नेली. परत आल्यावर त्यांनी नबीलालला समोर उभे केले.

"चार म्हैनं झालं, ऐकतोय तुझं. रविवारी परत चढायचं. मधी थांबली, तर मुंबईला तार करतो. तिथला मिस्त्री दात्यांच्या चाकांवरचा नवा भाता बसवून देतो म्हणतोय. ह्यो काढून टाकू. आन मोटारबी त्योच बघंल."

"मग मी, सरकार?"

बाळासो दुसरीकडे पाहत म्हणाले, "घोडी तर ऱ्हायली न्हाईत, नबीलाल."

त्या दिवसापासून नबीलालच्या पायांना थारा राहिला नाही. तो मोटारीभोवती फेऱ्या मारी, माझे तोंड उघडी, पंखा फिरवून पाही, पुन्हा बंद करी. शेवटी गुरुवारी त्याने पट्टा उतरवला, मलाही सोडवून गोणपाटात गुंडाळले आणि तडक धोंडुबाईचे दुकान गाठले.

"मावशे, पट्टा कच्चा दिलास की! माझी भाकरी जायची वेळ आली."

धोंडुबाईने हातातली आरी खाली ठेवली. पट्टा उचलून नाकाशी नेला. बोटाने दाबला. बोट चकाकले.

"ह्येला तेल कुणी पाजलं?"

"मी. रोज. चांगलं घाण्याचं."

"रोज?" म्हातारी अशी हसली की शेजारचे दुकानदार उठून आले. "आरं बाबा, चप्पल हाय का ही? चपलीला तेल पाजायचं, पायाला चावू न्हाय म्हणून. तुझ्या चाकाला काय फोड येतोय व्हय? तालमीत तेल लावल्याला गडी कुणाच्या हाताला गावतोय का कधी? सुटून जातोय न्हवं?"

नबीलाल तिथेच उकिडवा बसला. पंचवीस वर्षांत त्याच्या चामड्याला कुणी नाव ठेवले नव्हते. जे त्याला सगळ्यांत चांगले येत होते, त्यानेच माझा घात झाला होता. तो पट्ट्याकडे पाहत राहिला. मग माझ्यावरचे गोणपाट त्याने उगाचच नीट केले.

"आता बसून काय हुतंय," धोंडुबाई म्हणाली. "ऊठ. कसं फिरतंय त्ये दाव मला."

पुढचे दोन दिवस मला विसावा नव्हता, आणि तेच मला हवे होते. धोंडुबाईने म्हशीच्या पाठीचे घट्ट चामडे काढले. दोन बोटांचा पट्टा होता, तो चार बोटांचा केला. आधी सांध्याला लोखंडी आकडा होता. त्याच्याऐवजी तिने दोन्ही टोके तिरकी तासून एकावर एक ठेवली आणि चामड्याच्याच वादीने शिवली. पट्टा ज्यांवर फिरतो ती चाकेही नबीलालने ओताऱ्याकडून रुंद ओतून आणली. जुन्या टांग्याच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, तुकडा कापून त्यावर एक रूळ बसवला. तो रूळ पट्ट्यावर दाब ठेवी, म्हणजे पट्टा सैलावला तरी ताण सुटत नसे. वरून, पकड यावी म्हणून, राळेची बारीक पूड भुरभुरली.

"आन आता ह्येला हात लावायचा न्हाय," धोंडुबाईने बजावले.

हे मात्र नबीलालला फार कठीण गेले. शनिवारी दिवे लागले आणि तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. गेला. पुन्हा आला. त्याची बोटे एकमेकांवर चोळली जात होती. त्याची बायको हाफिजा दारातून पाहत होती. तिने लसणाने भरलेले सूप त्याच्या पुढ्यात ठेवले.

"हात शिवशिवत असतील तर ह्यो लसूण सोला."

त्याने सगळा लसूण सोलला.

रविवारी बाळासो चाकाशी बसले आणि नबीलाल त्यांच्या शेजारी. मोटारीत तेलाची झारी असायचीच, ती त्याच्या पायाशी होती. शहर मागे पडले, नदी मागे पडली, वाघबीळचा चढ समोर आला. इंजिनाने जोर मागितला. पट्ट्याने माझे चाक घट्ट धरले आणि मी फिरू लागलो, असा फिरलो की आधी कधीच फिरलो नव्हतो. एवढ्यात आवाज सुरू झाला. कर्र, कर्र, कर्र.

"तुटतंय!" बाळासो ओरडले. "तेल घाल!"

नबीलालचा हात झारीवर गेला. वेग कमी झाला तर या चढावर पुन्हा घेता येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. माझा आवाज वाढला. नबीलालच्या कपाळावर घाम आला. चामडे रडते आहे आणि आपण बघत बसलो आहोत, असे त्याला वाटत असणार. मग त्याने कान माझ्याकडे केला. हा आवाज चीं चीं नव्हता. नव्या, चांगल्या शिवलेल्या चपलेची असते तशी ही करकर होती.

त्याने झारी पायाने मागे सारली.

"वाजू द्या, सरकार. वाजतंय म्हंजे धरलंय."

"आरं, तुटलं तर?"

"न्हाय तुटत. दाबा तुम्ही."

बाळासोंनी दाबले. वळण गेले, दुसरे गेले, चढ संपला. वर पोचल्यावर बाळासोंनी मोटार थांबवली, उतरून माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मुंबईला तार करायचीच म्हणतो."

नबीलालचा चेहरा पडला.

"त्या मिस्त्रीला म्हणावं, शिकायला यायचं असंल तर ये."

"शिकायचं असंल तर धोंडूमावशीकडं न्यावं लागंल त्याला, सरकार," नबीलाल म्हणाला, आणि मग कुठे त्याला हसू फुटले.

त्यानंतर मी कधी अडलो नाही, असे म्हणणार नाही. पट्टा वर्षभराने झिजे, धोंडुबाई नवा देई. पण चढावर मी कुणाला दगा दिला नाही. नबीलाल दृष्टी अधू होईपर्यंत मोटारीवर होता. आठवड्यातून एकदा तो पट्ट्यावर तळवा टेकवून कोरडा आहे ना ते पाही, एवढेच.

पुढे मोटार मोडीत निघाली आणि मी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिलो. अखेर शिरोलीच्या एका फाउंड्रीवाल्याने मला ओळखले. त्या भल्या माणसाने मला कारखान्याच्या दारात बसवले, चकचकीत लाल रंग दिला. खंडेनवमीला झेंडूची माळ घालतात. येणारे जाणारे फोटो काढतात. सगळे मला जपतात. फक्त तो रंग माझ्या पोटात उतरला आणि पंखा जागच्या जागी चिकटला, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्यांचा दोष नाही. नबीलालचाही नव्हता.

मित्रांनो, एखाद्या गोष्टीवर माया असेल, तर आपल्याला काय द्यायला आवडते ते देऊ नका. ती कशासाठी आहे ते आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि कधी शिरोलीला आलात, तर माझा फोटो नाही काढलात तरी चालेल. माळ बाजूला करा, आत हात घाला आणि पंख्याला जरा ढकला. पहिल्यांदा हलणार नाही. आणखी एकदा ढकला.