मागच्या खोलीतली घागर

झिपरूनानांचा अकरा महिन्यांचा करार संपून सहा वर्षं झाली होती, आणि नाना मागच्या खोलीत मजेत होते. सुगंधा लग्न होऊन धुळ्याच्या या घरात आली तेव्हा ते भाडेकरू होते. आता तिची चिमी रांगायला लागली तरी होतेच. खोली सोडायचं म्हटलं की नवं कारण. एकदा गुडघा, एकदा लेकीचं बाळंतपण, एकदा बघितलेल्या घराचं दार दक्षिणेला.

या वर्षी मात्र खोली हवीच होती. जूनमध्ये शाळा उघडणार, आणि सुगंधा शिकवायला हजर झाली नाही तर तिची जागा दुसऱ्या बाईंना जाणार, असं हेडसरांनी स्पष्ट सांगितलं होतं. चिमीला सांभाळायला दोंडाईचाहून आई यायला तयार होती, पण केसरबाईंची एक अट होती. "लेकीच्या घरचं पाणीसुद्धा मला चालत नाही. वेगळं दार, वेगळी चूल दे. मग चिमी माझी." वेगळी चूल घरात एकच, मागच्या खोलीत, आणि तिच्यावर नानांची रुक्माबाई भाकरी भाजत होती.

"आखाजीच्या आत खोली मोकळी," नानांनी फाल्गुनात अक्षय्य तृतीयेचा शब्द दिला. "बठ्ठं सामान बांधी ठेयेल शे, माय."

दोरीने बांधलेली एक ट्रंक ओट्यावर होती खरी. पण ती दोन वर्षं तिथेच होती. रुक्माबाई तिच्यावर पापड वाळवायची.

नवऱ्याला सांगावं, तर तो बोलायला जायचा आणि अर्ध्या तासाने नानांचा चहा पिऊन यायचा.

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

आखाजीच्या सकाळी चिमीला कडेवर घेऊन सुगंधा स्वतःच गेली. कोपऱ्यात पितरांसाठी नवी घागर पाण्याने भरलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, पुढे सांजोऱ्या. नाना धुतलेल्या धोतरात हात जोडून बसलेले.

"नाना, खोली आजच्या आत रिकामी होणार होती."

"जातो ना, माय. पन आज पितरं बठनात. त्यास्ले कसं उठाडू?"

आजवर दोघांना काढायचं होतं. आता नानांचे वडील आणि आजोबाही राहायला आले होते, आणि त्यांची तर करारावर सहीसुद्धा नव्हती. तेवढ्यात चिमी कडेवरून निसटून डांगराकडे रांगत गेली. रुक्माबाईने उचलताच तिच्या बांगड्या धरून खुदकन हसली. सुगंधाचा राग आणखीच वाढला. पोटची पोरसुद्धा फितूर.

दुपारी केसरबाई आल्या, वळकटी आणि स्टोव्ह घेऊन. खोली रिकामी नाही म्हटल्यावर ओट्यावरच बसल्या. वैशाखाचं ऊन, ओठ सुकलेले.

"आई, पाणी तरी पी."

"नको. संध्याकाळच्या एसटीने परत जाते."

सुगंधाच्या डोळ्यांसमोर शाळेचं फाटक बंद झालं. तेवढ्यात रुक्माबाई तांब्या घेऊन आली. "अक्का, हाई लेकना घरनं पानी नई. भाडेकरूनं शे."

पाणी एकाच नळाचं होतं. केसरबाईंनी क्षणभर विचार केला आणि तांब्या रिकामा केला. मग नानांच्या पितरांच्या पंगतीला जेवल्याही. संध्याकाळी ट्रंकेची दोरी सुटली होती, आत आईची लुगडी होती, आणि चुलीपाशी आईच्या मांडीवर चिमी झोपली होती, गालाला सांजोरीचा कण.

"ही चूल लेकीची नाही," आई हळूच म्हणाली. "मला चालतं."

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी सुगंधाने कडक इस्त्रीची साडी नेसली, चिमीला आईकडे दिलं, आणि निघता निघता नानांना गाठलं.

"नाना, मग खोलीचं काय?"

नाना दुखावल्यासारखे झाले. "आम्ही आजच निंघी जाऊत, माय. पन तुनी माय कोठे राही?"

सुगंधाने आत पाहिलं. केसरबाई एका हातात चिमी, दुसऱ्या हातात केरसुणी घेऊन उभ्या होत्या.

"जा आता, घंटा होईल," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या दारातून बाजूला हो. केर काढायचाय."