शेंदराखालचा मैल

फाल्गुनातली कलती सांज. पळसाच्या रक्तवर्ण फुलांवरून ओघळलेलं ऊन करंजपूरच्या जुन्या महामार्गावर रेंगाळत होतं, आणि चिंचांच्या सावल्या डांबराला भेगाभेगांनी शिवत होत्या. वाहन मात्र एकही नव्हतं.

या शहराने तीन रस्ते पाहिले. पहिला बैलगाड्यांचा, नदीच्या उतारावरून पेठेत शिरणारा, धूलिधूसर. दुसरा हा, चिंचांच्या घनच्छायेतला. तिसरा बायपास, शहराला ओळखही न देता माळावरून सुसाट जाणारा. रस्ता कूस बदलतो आणि त्याच्या कुशीतली माणसं उघडी पडतात. दुसऱ्या रस्त्याने केराबाईच्या सासऱ्याचं पेठेतलं दुकान नेलं, तिसऱ्याने तिचं गिऱ्हाईक नेलं. उरली होती चहाची टपरी, आणि आता या जुन्या रस्त्याचं रुंदीकरण तीही नेणार अशी कुजबुज होती.

अशात तो आला. खांद्याला झोळी, मळक्या चपला. कडेकडेनं वाकत, गवत चाळत, मध्येच मोबाइलवर फोटो काढत. केराबाईने त्याच्यावर नजर रोखली. मागे रस्ता मोजणारे टेपवाले असेच गवत चाळत आले होते, आणि शेजारचं पंक्चरचं दुकान अर्धं कापलं गेलं होतं.

"मावशी, इथं मैलाचा दगड होता ना?"

"न्हाई बा. आमी तर कधी बघितला न्हाई."

दगड होता की! टपरीला खेटूनच होता. टेपवाल्यांची पाठ फिरताच तिने त्याला शेंदूर फासला, डोळे चिकटवले, झेंडूची माळ घातली. दुकान कुणीही हलवतं, देव हलवताना हात कचरतात. पुढे ड्रायव्हर नारळ फोडू लागले, शेंदरावर शेंदूर चढला, आणि त्या देवाच्या आडोशाला टपरी तगली.

तिने चहा ओतला, पण नजर झोळीवरून हटेना. टेप असेल. नकाशा असेल. गोड बोलणाऱ्याचा काय भरवसा?

त्याने झोळीतून पणती काढली आणि शेंदऱ्या देवापुढे मांडी घातली.

"देवा, तू तरी खरं सांग," तो पुटपुटला. "बाबांचा ट्रक त्या दगडापाशी उलटला. आई म्हणायची, तिथं एकदा दिवा लावून ये. आता तीही गेली, आणि दगडच सापडत नाही."

केराबाईने किटली खाली ठेवली. तो ट्रक तिला आठवत होता. त्या ड्रायव्हरला याच दगडाला टेकवून तिने पाणी पाजलं होतं, आणि घोट ओठांवरूनच परत आला होता. तरी संशय मेला नाही. ही कहाणी कुणी पढवून पाठवली असली तर? एक शब्द, आणि टपरी गेली.

तरी ती उठली. त्याचा हात धरून माळेखाली नेला, शेंदराच्या मऊ थरात त्याची बोटं दाबली.

"लागतंय का हाताला? मैलाचा आकडा हाय त्यो. तुझा बा हितंच टेकला हुता, लेकरा." मग हलक्या आवाजात, "कुनाला सांगू नगंस."

त्याने मान हलवली आणि पणती पेटवली.

सांज विझली. दूर माळावर बायपासचे दिवे धावत होते, धावतच होते. इथे दगडापाशी एक इवला दिवा थांबला होता, आणि शेंदराने माखलेली बोटं त्याला वाऱ्यापासून जपत होती.