आप्पांचा मीटर

मिरजेत आप्पांचा लग्नामुंजीत स्पीकर लावायचा धंदा होता. अँप्लिफायर ते स्वतः बनवत आणि स्पीकरच्या तारेत मध्येच काट्याचा मीटर जोडून करंट किती जातोय ते बघत. कानांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हातारपणी कानांनी त्याचा पुरता सूड उगवला. यंत्र लावूनही आप्पांना आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

त्यांनी बनवलेला शेवटचा अँप्लिफायर त्यांच्या मुलाने, गुरुनाथने, यंदा हट्टाने अमेरिकेत नेपरव्हिलला आणला, मीटरसकट. शनिवारी सकाळी बेसमेंटमध्ये सगळी जोडाजोड करून त्याने मिरजेला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मीटरसमोर धरला. लहानपणी मांडवामागे बसून तो हाच काटा सनईबरोबर नाचताना बघायचा, पंगत बसेपर्यंत. आजही सनईच लावली, पण ती कण्हल्यासारखी वाजली. काटा जेमतेम हलला.

आप्पांनी डोळे बारीक केले. "अर्धा अँपिअरसुद्धा नाही. राहू दे, गुरू. तेव्हा माझ्या हातातच काही उरलं नव्हतं. टाकून दे."

उभ्या आयुष्यात आप्पांनी स्वतःच्या कामाला नावं ठेवली नव्हती.

तेवढ्यात रेणू धुवायचे कपडे घेऊन खाली आली. बायकोची नजर आधी प्लगकडे गेली. "अरे यार, डायरेक्ट लावलास? मिक्सरचा ट्रान्सफॉर्मर कुठाय?"

गुरुनाथने कपाळावर हात मारला. इथली वीज तिकडच्या निम्म्या व्होल्टेजची. मिरजेहून आणलेला मिक्सर ज्या जड खोक्याशिवाय चटणी वाटत नाही, त्याच्याशिवाय अँप्लिफायर तरी काय गाणार! इतकी वर्षं इथे काढलेला हा इंजिनिअर नुसती पिन बदलून मोकळा झाला होता.

धावत जाऊन त्याने खोकं आणलं, आप्पांना दाखवलं आणि जोडलं.

"गाढवा!" आप्पा मिरजेतून ओरडले, आणि हसले.

सनई बेसमेंटभर घुमली. काटा उसळला, खाली आला, पुन्हा चढला. आप्पा बघत राहिले. हळूहळू त्यांची बोटं मांडीवर ठेका धरू लागली, अगदी बरोबर ठेका. गुरुनाथचे डोळे भरून आले. फोन हलू नये म्हणून त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

मग आप्पांनी सवयीने हात वर केला.

"गुरू, आवाज जरा कमी कर. तुझे शेजारी उठले नसतील अजून."