उपरण्याखालचा सौदा

मित्रांनो, मी एक जुने उपरणे आहे. कल्याणच्या एका घरात खुंटीला लटकत असते. एकेकाळी मी पांढरेशुभ्र होते असे सांगितले, तर आज कोणी विश्वास ठेवणार नाही. काठ विरला आहे, एका कोपऱ्याला ठिगळ आहे आणि घरातली धाकटी शकू नाक पुसायला मलाच ओढते. ओढू दे बापडी. पण नाक पुसायच्या फडक्यालाही आपली हकीकत असते. ती एकदा ऐकून घ्या.

भिवंडीच्या एका मागावर माझा जन्म झाला. सूत जाडेभरडे, पण वीण घट्ट. म्हसा गावच्या यात्रेला निघालेल्या गुणाजीने मला विकत घेतले आणि खांद्यावर टाकले. गुणाजी दलाल होता. बैलांचे आणि भाताचे सौदे जुळवून देई. दलाल म्हटला की तोंडाळ माणूस, असे तुम्हाला वाटत असेल. छे! गुणाजी दिवसभरात चार वाक्ये बोलला तरी घरच्यांना नवल वाटे. तो समोरच्याचा हात हातात घेई, वर मला पसरी आणि माझ्या आडोशाला बोटांनीच भाव ठरे. एक बोट धरले तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. भोवती कितीही माणसे माना उंचावून उभी राहोत, कोणाला पत्ता लागत नसे. भाव पडला तरी चारचौघांत कोणाची मान खाली जात नसे.

तेव्हापासून मला बडबड्या माणसांचा तिटकारा. तोंडाचे काय, ते वाटेल ते बोलते. हात मात्र लबाडी करू लागला की घामेजतो, आणि असला घाम मी पुष्कळ टिपला आहे.

पण दिवस सारखे राहत नाहीत. आगगाडी झाली, आणि मुंबईचे मोठे खरेदीदार कल्याणच्या बाजारात येऊ लागले. ते खुर्चीवर बसत आणि सगळ्यांदेखत म्हणत, भाव बोला. गुणाजीचा हात सवयीने पुढे होई, पण तो कोणी धरत नसे. बोलायला जावे तर जीभ टाळ्याला चिकटे. एकेक सौदा दुसऱ्यांकडे गेला. त्याच सुमारास ठाण्याला तलावाजवळच्या एका माडीवर व्यापाराचे शिक्षण देणारा नवा वर्ग निघाला. लोक त्याला ऐटीत कॉलेज म्हणत. गुणाजीने आपल्या मुलाला, सहदेवाला, तिथे घालायचे ठरवले. निघायच्या दिवशी त्याने मला स्वतःच्या खांद्यावरून काढून मुलाच्या खांद्यावर ठेवले.

"माझा धंदा कापडाखालीच राहिला, सहदेवा," तो म्हणाला. "तू तोंडानं करायला शीक."

एवढे लांबलचक भाषण मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

सहदेव बापाच्या वळणावर गेला होता. ठाण्यात त्याचे फार हाल झाले. जन्मभर मांडी घालून बसलेला मुलगा बाकावर बसला की पायांना मुंग्या येत. हळूच पाय वर घेतले की मागची पोरे खुसखुसत. हजेरीला तो हुंकार भरी. तो मास्तरांना ऐकू जात नसे, आणि वर्गात बसूनही तो गैरहजर लागे. खाणावळीत तर कहरच. गोदूबाईंच्या हाताला चव होती आणि मनही मोठे होते. पण भात हवा तर मागावा लागे, आणि सहदेवाला मागता येत नसे. मग तो अर्धपोटी उठे, ओसरीवर जाऊन बसे आणि माझा कोपरा बोटांना गुंडाळत राही. मला त्याची फार दया येई.

एक दिवस मास्तरांनी खोटा बाजार मांडला. त्यांच्याकडे तांदूळ आहे, सहदेव खरेदीदार, आता भाव ठरव. सहदेव उठला. तडक मास्तरांच्या मेजापाशी गेला, त्यांचा खडूने माखलेला हात हातात घेतला आणि वर मला पसरले! मित्रांनो, असा हशा पिकला म्हणता! मास्तरांनी हात मागे ओढला. माझ्याखाली सहदेवाचा हात एकटाच राहिला, गार पडलेला. त्या दिवसापासून त्याला मुका दलाल असे नाव पडले.

मास्तर वाईट नव्हते. वर्ग सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून समजावले, की दिवाळीआधी तोंडी परीक्षा आहे, मुंबईचे एक व्यापारी प्रश्न विचारायला येणार आहेत. त्यांच्यापुढे तू बोलला नाहीस तर मला पटावरून तुझे नाव काढावे लागेल. सहदेवाने मान हलवली. खाणावळीत येऊन त्याने कपड्यांचे गाठोडे बांधायला घेतले. उद्याच घरी जायचे. बापाला काय सांगायचे, तेही बोलावेच लागणार होते, आणि म्हणून गाठ काही बसत नव्हती.

तेवढ्यात रघू आला. हा ठाण्याचाच, तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि वर्गात सगळ्यांत मोठ्याने हसलेला. तो जरा वेळ दारात घुटमळला.

"ते कापडाखाली काय करतोस रे?" त्याने हात पुढे करून विचारले. "मला शिकव ना."

सहदेवाने त्याच्याकडे पाहिले, तो हात धरला आणि वर मला पसरले. गाठोडे तसेच राहिले. गोदूबाईंच्या परसात एक पपई पिकली होती, तिचा सौदा सुरू झाला. रघूला गुदगुल्या होत, तो बोटे सोडवून घेई आणि दर वेळी फसे. दोनतीन दिवस असे झाल्यावर त्याने अट घातली.

"बोटांनी जे सांगतोस ते तोंडानंही सांग. हळू सांग, मी काही बहिरा नाही."

सहदेव पुटपुटला. दुसऱ्या दिवशी जरा स्पष्ट पुटपुटला. मग एके दुपारी स्वयंपाकघरातून गोदूबाई म्हणाल्या, "अरे, मोठ्यानं बोला. पपई माझी आहे. कोणाला गेली ते मला कळायला नको?" सहदेव बिचारा खरोखरच मोठ्याने बोलला. पपई शेवटी त्यांनीच चिरून दोघांपुढे ठेवली, आणि त्या रात्री सहदेवाने भात मागून घेतला.

मला आनंद झाला, आणि वाईटही वाटले. मुलगा बोलू लागला की माझे काम संपणार, हे न कळण्याइतके मी खुळे नव्हते.

परीक्षेच्या दिवशी मुंबईचे व्यापारी खुर्चीवर बसले होते. त्यांनी विचारले, "तुझ्याकडं भात आहे. मी तुझ्याकडूनच का घ्यावा?" सहदेव उभा राहिला आणि जीभ गेली टाळ्याला. मास्तर लेखणी उचलू लागले. मागच्या बाकावरून रघू हळूच म्हणाला, "पपई."

सहदेवाने मला खांद्यावरून ओढून हातांवर घेतले. माझ्याखाली त्याच्या डाव्या हाताने त्याचाच उजवा हात घट्ट धरला. इतकी वर्षे मी दोन माणसांचे हात झाकले होते. एकाच माणसाचे दोन्ही हात पहिल्यांदाच.

"मूठभर भात हातात घ्या," तो म्हणाला. "दाणा चावून बघा. पटला तर भाव बोलू."

"ऐकू नाही आलं," व्यापारी म्हणाले.

तेच त्याने पुन्हा, खिडकीबाहेर जाईल एवढ्या आवाजात सांगितले. त्याचा पहिला नंबर वगैरे आला नाही; शेवटून दुसरा आला. पण नाव राहिले.

दिवाळीला तो घरी गेला. गुणाजी ओट्यावर बसला होता. सहदेवाने सगळे सांगितले, आणि सांगितले तेही तोंडाने, अथपासून इतिपर्यंत. गुणाजीने त्याला शेजारी बसवले. मग त्याने मुलाच्या खांद्यावरून मला उचलले, त्याचा हात हातात घेतला आणि वर मला पसरले. काही विकायचे नव्हते, काही घ्यायचे नव्हते. गुणाजीने सगळा पंजा धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. ओट्यासमोरून माणसे जात होती. काय भाव ठरला, ते आम्हा तिघांनाच कळले.

माझा शेवटचा सौदा तोच. पुढे सहदेवाने स्वतःची वखार घातली आणि भर बाजारात भाव बोलू लागला. मी त्याच्या धाकट्या लेकीची, शकूची, झोळी झाले, भाकरीचे फडके झाले आणि आता या खुंटीवर आहे. माझी तक्रार नाही. जमले तर मला अधूनमधून धुऊन उन्हात घाला, एवढेच मागणे.

आणि मित्रांनो, तुमच्याही वर्गात एखादा नवा मुलगा येईल. मांडी घालून बसेल, हजेरीला हुंकार भरेल. खुशाल हसा, रघूही हसला होता. पण नंतर त्याच्यासारखा हात पुढे करा. वर झाकायला उपरणे नसले तरी चालते.