जिभेचा निकाल

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. पण आमच्या गावचा शिकारी टीवी, त्यानेच मला सगळं सांगितलं आणि म्हणाला, लिही, नाहीतर पुन्हा तेच होईल.

त्याच्या मित्राने, पुटुलिकने, वॉलरस मारला, बर्फाळ समुद्रातला तो सुळेवाला प्राणी. आमच्याकडे त्याची जीभ कापून, मांसात किडे आहेत का ते तपासायला विमानाने शहरात पाठवतात. निकाल स्वच्छ आला, की रेडिओवर सांगतात आणि मग सगळं गाव मांस न्यायला येतं. पण यंदा धुकं उठेना. विमान नाही, जीभ धावपट्टीवरच पडून, आणि मांस पुटुलिकच्या शेडमध्ये गोठलेलं.

गावातली म्हातारी अलासी आत्या रिकामा टब घेऊन आली.

"काय रे, मांसावर बसून राहिलायस? दुकान काढलंस की काय?"

"आत्या, निकाल यायचाय."

"माझ्या आईने कधी निकाल बघितला नाही! आणि दगड झालाय त्याचा. किडे कधीच मेले असतील."

म्हातारीला रिकाम्या टबाने परत पाठवायचं, मग गावात तोंड कुठे दाखवायचं? पुटुलिकने तुकडा तोडायला कुऱ्हाड उचलली.

"ठेव ती खाली," दारातून टीवी म्हणाला.

पुटुलिक आणि टीवी लहानपणापासून एकाच बोटीत. पण दोन वर्षांत टीवी नुसता वाळत चालला होता. लोक म्हणायचे, आळशी झालाय. गेल्याच आठवड्यात तो शहरातल्या डॉक्टरकडून परत आला होता, आणि तेव्हापासून गप्प होता.

त्याने दातांनी जाकिटाची चेन ओढली. दंड असा, की काठीवर सदरा वाळत घातलाय.

"मांडीतून तुकडा काढून बघितला त्यांनी. आत किडे वेटोळं घालून बसलेत. शरीर त्यांच्याशी भांडतंय, आणि त्या भांडणात माझंच मांस खाऊन टाकतंय."

"कुठून आले?" आत्याने विचारलं.

टीवीने पुटुलिककडे बघितलं. पुटुलिकच्या लक्षात आलं, त्याने सांगू नकोस म्हणून मान हलवली. हे बाहेर पडलं तर टीवीच्या हातचा तुकडा परत कोण घेणार?

"माझ्याच वॉलरसमधून," टीवी म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी, तेव्हाही धुकं होतं. मी निकालासाठी थांबलो नाही. तोही असाच गोठलेला होता, आत्या. आमच्याकडचे किडे थंडीने मरत नाहीत म्हणे."

तो वॉलरस आत्यानेही खाल्ला होता. तिचा हात हळूच स्वतःच्या खांद्यावर गेला, दाबून बघू लागला.

"मला दुखत नाही," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "फारसं नाही."

"विमान आलं की त्यानेच जा. रक्त तपासून घे," टीवी म्हणाला.

"गाढवा, हे आधी सांगायचं!" तिने टब उचलला. "तो वॉलरस खाल्लेल्या सगळ्यांना रेडिओवर मीच सांगते. तू सांगितलंस तर लोक दगड मारतील."

ती गेली. टीवीला चेन लावता येईना, पुटुलिकने लावून दिली.

"अंगावरचं गेलेलं मांस परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले," टीवी खाली बघत म्हणाला. "भाला आता उचलत नाही मला. दुसरा कुणी शोध बोटीला."

"गप. बर्फ फुटला की बोटीत पुढे तूच बसायचं. कुठे मारायचं ते तू सांग, भाला मी फेकीन. आणि निकाल आल्याशिवाय माझ्या शेडमधून तुकडा हलणार नाही, माझी आई दारात रडत उभी राहिली तरी. शब्द देतो तुला."